किती जोरात लिहू?

मार्लिस क्वामे जन्मली तीच ऐन साखरेच्या बीटाच्या हंगामात. आई दवाखान्यात आणि बाप ट्रकवर. बापानं पोरीचं तोंड पाहिलं ते शेवटची खेप कारखान्यावर ओतून झाल्यावर. "पोरगी हाय व्हय? बरं झालं," एवढं म्हणून तो बुटांसकट खुर्चीतच घोरायला लागला, असं तिची आई सांगायची. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या ह्या नॉरबी गावात ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. हंगाम लागला की इथं लग्नं पुढं ढकलतात आणि मयताला आलेली माणसं घड्याळाकडं बघत उभी राहतात. जमीन गोठायच्या आत बीट बाहेर निघालं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

शाळा संपवून मार्लिस साखर कारखान्याच्या हापिसात लागली. तिथं कपाटाएवढा एक संगणक आणून ठेवला होता आणि त्यातलं कळणारा एकुलता एक गडी हिवाळा सोसला नाही म्हणून ॲरिझोनाला पळून गेला होता. मार्लिसनं त्याची पुस्तकं घरी नेली, गाई धारेला लागल्या की त्यांच्या मागं उलट्या बादलीवर बसून वाचली, आणि ते कपाट पुन्हा चालू केलं. मग कॉलेजात शिकायला गेली, मग त्याच कॉलेजात शिकवायला राहिली. संगणकाचा विभाग काढायला तिला जागा मिळाली ती बंद पडलेल्या गृहविज्ञानाची. चुली काढून नेल्या होत्या, मोऱ्या आणि नळ तसेच होते. अजूनही पोरं म्हणतात, "क्वामेबाईंच्या स्वैपाकघरात तास हाय."

पण त्या स्वैपाकघराला मान्यता होती. मान्यता म्हणजे काय, तर इंजिनियर आणि संगणकवाल्यांची एक मोठी संस्था आहे, तिची माणसं दर काही वर्षांनी येतात, शिकवणं तपासतात, आणि ठीक वाटलं तर म्हणतात की ह्या पदवीला वजन आहे. इकडचे शेतकरी पोराला दाखल करताना फी नंतर विचारतात. आधी विचारतात, "ह्या कागदावर फार्गो शहरात कुणी दारात उभं करंल का?" मार्लिस दाराशेजारच्या पितळी पाटीकडं बोट दाखवायची. पाटी तिच्या नवऱ्यानं, ऑर्व्हनं, ठोकली होती. जराशी तिरकीच बसली. "तिरकी तर तिरकी," ऑर्व्ह म्हणाला, "पडणार न्हाई." नॉरबीतली कितीतरी पोरं त्या तिरक्या पाटीखालून नोकरीला गेली.

टायरेल झाखर हा त्यातलाच. पलीकडच्या गावचा, जर्मन घरातला, बैलासारखा राबणारा. फार्गोतली चांगली नोकरी सोडून तो परत आला ते मार्लिसनं शिकवायला बोलावलं म्हणून. तिनं कितीदा सांगितलं, "आता तू माझ्या बरोबरीचा आहेस, मार्लिस म्हण," पण त्याच्या तोंडून 'बाई' सुटलं नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला तिनं त्याला टोपी काढायला लावली होती. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

विभागातली जुनी माणसं एकेक करून निवृत्त झाली, त्यांच्या जागा काही भरल्या नाहीत. शेवटी उरले मार्लिस आणि टायरेल. मार्लिसनं आपले तास वाढवले, टायरेलनं तिच्याहून जास्त. घरी त्याला जुळी झालेली. बायको रात्रपाळीची नर्स. गड्याचे डोळे हंगामातल्या ट्रकवाल्यासारखे लालभडक.

मार्लिस डीनकडं गेली. डीन गेलन स्ट्राउड, नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंत सगळ्यांचा मालक. माणूस वाईट नव्हता. मेजावर नेहमी गोळ्यांची बरणी, आणि समोरच्याला गोळी दिल्याशिवाय नकार द्यायचा नाही.

"मार्लिस, मला कळत नाही असं वाटतं का तुला?" बरणी पुढं सरकवत तो म्हणाला. "पण मी वर जाऊन जागा मागितली की ते म्हणतात, सगळेच मागतात. बाहेरच्या कुणी म्हटलं तर गोष्ट वेगळी. यंदा तपासणी आहेच की तुमची."

एवढंच बोलला. डोळा मारला असंही नाही. पण मार्लिसला जे समजायचं ते समजलं, कारण ह्या धंद्यात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. तपासायला येणारा माणूस एकटा सापडला की विभागप्रमुख त्याच्या कानाला लागतात: आमच्यात माणसं कमी आहेत एवढं लिहून जा, म्हणजे आमच्या साहेबांना जाग येईल. स्वतःच्याच विभागात खोट काढून मागायची. परिषदांना गेली की मार्लिस हे किस्से ऐकायची आणि नाक मुरडायची. आपल्या घरात कचरा आहे असं पाहुण्याला सांगायचं, का, तर नवरा झाडू आणील म्हणून! तिला ते ओंगळ वाटायचं.

तपासणी नेमकी हंगामात आली. रस्त्यावर ट्रकांची रांग, गावभर कारखान्याचा कुजका-गोड वास. विभाग तपासायला आलेला माणूस एव्हरेट लोमॅक्स, इंडियानाचा, टेलिफोन कंपनीत जन्म घालवून निवृत्त झालेला. गुडघे गेलेले. ही माणसं ह्या कामाचा एक पैसा घेत नाहीत, हौसेनं येतात. रविवारी दुपारी मार्लिसनं त्याला स्वैपाकघर दाखवलं. जुन्या ओट्यांवर पोरांची कामं मांडलेली: उत्तम, मध्यम, आणि कशीबशी पास झालेली. लोमॅक्सनं आधी कशीबशी पास झालेली उघडली. मार्लिसला माणूस आवडला.

संध्याकाळी ती त्याला गाडीतून मुक्कामाला सोडायला निघाली. पुढं बीटाचा ट्रक, रस्ता अरुंद, ओलांडायची सोय नाही.

"मिस्टर लोमॅक्स, एक बोलू?"

"बोला की. लाच द्यायची असेल तर ती मघाच्या तुमच्या आंबट-गोड रुबार्बच्या वड्यांतच पोचली."

"माणसं कमी आहेत आमच्यात. ते अहवालात यावं."

लोमॅक्स हसला. "वाटलंच. गाडीत बसलो की निघतंच हे. मागच्या वर्षी एकानं मला त्यासाठी धरण दाखवायला नेलं होतं. बरं, किती जोरात लिहू?"

"म्हणजे?"

"तुम्हाला ठाऊक आहे. पायऱ्या तीन. पहिली, 'पुढं अडचण येऊ शकते'. दुसरी, 'कमतरता आहे'. तिसरी लिहिली की मान्यतेच्या गळ्याला फास, ती राहू द्या. मी पाहिलं ते पहिलीच्या जरा वर आहे, दुसरीच्या जरा खाली."

"पहिली आमच्या डीनच्या कानावरून जाईल."

"मग दुसरीसाठी माझ्या हातात काहीतरी पाहिजे. मास्तर दमलेत, एवढ्यावर भागत नाही. मास्तर कुठले दमलेले नसतात? शिकवण्यावर परिणाम झालाय असं काहीतरी दाखवा."

ट्रक खड्ड्यात आपटला. वरून एक बीट निसटलं आणि टणकन गाडीच्या नाकावर पडून बाजूला उडालं. लोमॅक्स दचकला. मार्लिस दचकली नाही, असली बीटं ती जन्मभर झेलत आली होती. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. तिला टायरेलचे लाल डोळे दिसत होते, आणि नवा माणूस आला तर टायरेल निदान घरी जाऊन पोरांना मांडीवर घेईल, असं.

"मागच्या सत्रात आमचा टायरेल परीक्षा चालू असताना खुर्चीत झोपला," ती म्हणाली. "पोरांनी पेपर मेजावर ठेवले आणि चवड्यांवर चालत निघून गेली. एकीनं जाताना दिवा बंद केला."

"हे पुरे झालं," लोमॅक्स म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण एक सांगतो. असलं लिहिलेलं मी दोन्हीकडं जाताना बघितलंय. कुठं नवा मास्तर आला. कुठं विभागालाच कुलूप लागलं."

"आमचा डीन तसला नाही."

"त्याच्या वरचा?"

"तोही नाही."

वरच्याला, कॉलेजच्या अध्यक्षाला, ती वर्षातून एकदा पदवीदानाच्या मांडवात बघायची आणि एकदा नाताळच्या जेवणात. तरी म्हणाली. आणि आणखी एक गोष्ट गिळली. त्या दिवशी टायरेलच्या अंगात ताप होता. ती स्वतःच म्हणाली होती, "घरी जा, मी बघते," आणि तो म्हणाला होता, "तुमचाही तास आहे, बाई." गोळी घेऊन बसला आणि लवंडला. तापाचं सांगितलं असतं तर गोष्ट साधी झाली असती, म्हणून नाही सांगितलं.

मंगळवारी निरोपाची बैठक. तिची रीत अशी की तपासणारा उभा राहून आपला निष्कर्ष शब्दन् शब्द वाचून दाखवतो आणि समोरच्यांनी गप्प ऐकायचं. प्रश्न नाही, वाद नाही. अध्यक्ष, डीन, मार्लिस, टायरेल रांगेत बसलेले. लोमॅक्सनं चष्मा लावला आणि वाचलं: अध्यापकांची संख्या अपुरी असून त्याचा परिणाम अध्यापनावर होत आहे, अध्यापक परीक्षेच्या वेळी झोपी गेल्याचे निदर्शनास आले आहे, सबब ही कमतरता आहे.

मार्लिसनं मान वळवली नाही. पण टायरेलचा कान तिला दिसत होता, थंडीनं भाजल्यासारखा लाल. लोमॅक्सनं कागदाची घडी केली, सगळ्यांशी हात मिळवले, आणि गुडघे सांभाळत निघून गेला.

बोळात टायरेलनं तिला गाठलं. "कोण बोललं हे, बाई?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी कशाला? पोरांची बंद खोलीत बैठक झाली ना लोमॅक्सबरोबर. ब्रेना होती तिथं. त्या दिवशी पहिल्या बाकावर तीच होती. दिवा तिनंच घालवला होता, मला सांगून हसलीसुद्धा. अध्यक्षासमोर, बाई! माझ्या झोपेचा पोवाडा गायला!"

"जाऊ दे. जागा आली की विसरशील."

हे म्हणताना तिला खरंच तसं वाटत होतं. अहवालाचा मसुदा आला तेव्हा डीननं विचारलं, "ह्यात काही चुकीचं आहे का? असेल तर कळवायला मुदत आहे." एकदाच झोपला, तापात झोपला, एवढं लिहिलं असतं तरी ते वाक्य बोथट झालं असतं. "काही चुकीचं नाही," मार्लिस म्हणाली. डीननं बरणी पुढं केली. तिनं गोळी घेतली.

भर थंडीत, डोळ्यांच्या पापण्या चिकटतील असल्या दिवसांत, डीननं तिला बोलावलं. बरणी मेजावर नव्हती.

"वरच्यांनी हिशेब मांडला," तो म्हणाला. "कमतरता भरायची तर माणसं घ्यायची, नाहीतर पुढच्या खेपेला मान्यता जाणार, आणि ती गेल्याची बातमी पेपरात येणार. त्यापेक्षा आपणच बंद करू म्हणाले. नवे प्रवेश नाहीत. आहेत ती पोरं पार करायची. तू निवृत्त होशील तोवर पुरेल तुला."

"आणि टायरेल?"

"ह्या उन्हाळ्यापर्यंत." डीननं तोंडावरून हात फिरवला. "मीच म्हणालो होतो बाहेरचं काहीतरी पाहिजे. आलं. पण इतकं कडक लिहील तो म्हातारा, असं वाटलं नव्हतं."

मार्लिस गाडीत येऊन बसली. गाडी सुरू करायचं भान राहिलं नाही. काचेवर तिच्या श्वासाचं बर्फ धरलं तेव्हा किल्ली फिरवली.

गावानं लोमॅक्सला धुऊन काढलं. चर्चच्या तळघरात कॉफीला बसलं की तोच विषय. त्यात ऑर्व्ह सगळ्यांत पुढं.

"आला, फुकटचं जेवला आनि शाळा खाऊन गेला!" मेजावर थाप मारून तो म्हणाला. "आमच्या हिच्या हातच्या वड्या कागदात बांधून घेऊन गेला वर. व्हय का न्हाई गं?"

"व्हय," मार्लिस म्हणाली.

"टेलिफोनच्या तारा वढनारा मानूस, त्याला काय कळतंय शिकवायचं? न्हाई, तुला काय वाटतं?"

मार्लिसनं कपात चमचा फिरवला. ती साखर घालत नव्हती, तरी फिरवला. घरी येऊन भांडी घासताना तिला वाटलं, आत्ता सांगावं. ऑर्व्ह खुर्चीत बूट काढत होता, तिच्या बापासारखाच. तिनं नळ जोरात सोडला.

ब्रेना ऑस्टली आली ती बर्फ वितळायच्या सुमाराला. आजोबांपासून सगळे बीटवाले. पोरगी अंगानं दांडगी, हंगामात बापाचा ट्रक स्वतः चालवणारी. दारातच उभी राहिली.

"बाई, झाखरसर शिफारस द्यायला नाही म्हणाले. मी काय केलं?"

"मी देते की."

"तुमची हायच. पण प्रकल्प त्यांच्याकडं केला ना. कंपनी त्यांचीच मागतीय." तिनं टोपी हातात चुरगळली. "तोंडाकडंबी बघत न्हाईत माझ्या. मी कायतरी वंगाळ केल्यागत. केलं असलं तर सांगा, माफी मागीन. पण काय केलं ते तर कळू दे!"

"बोलते मी त्याच्याशी," मार्लिस म्हणाली. आणि बोलली नाही. सकाळी वाटायचं दुपारी, दुपारी वाटायचं उद्या. विभाग गेला तो गेला, तो तिच्या कबुलीनं परत येणार नव्हता, आणि त्या आडोशाला ती आजवर लपत आली होती. आता ह्या पोरीनं तो आडोसा काढून घेतला. हिचं अजून काही गेलेलं नव्हतं. जायच्या बेतात होतं.

मग नदी चढली. उत्तरेकडं वाहणारी नदी ही, दक्षिणेला उगमाकडं बर्फ आधी वितळतं आणि उत्तरेला तोंड अजून गोठलेलंच, मग पाणी जाणार कुठं? कॉलेजला सुट्टी दिली आणि सगळ्यांना नगरपालिकेच्या शेडमध्ये पूर अडवणारी वाळूची पोती भरायला नेलं. हीही इथली रीतच. मास्तर, पोरं, पाद्री, सगळ्यांच्या हातात फावडी. डीनसुद्धा होता, नवेकोरे बूट घालून.

टायरेल फावडं मारत होता, मार्लिस पोत्याचं तोंड धरून बसली होती. पलीकडं, हाकेच्या अंतरावर, ब्रेना भरलेल्या पोत्यांची तोंडं बांधत होती.

"तोंड मोठं करा, बाई. बाहेर सांडतंय."

तिनं पोतं ताणलं. टायरेल चांगल्या मूडमध्ये होता. फार्गोतल्या जुन्या कंपनीनं त्याला परत घेतो म्हटलं होतं, पगार पूर्वीपेक्षा कमी. जुळ्यांना घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं होतं.

"तिथं एक बरंय," तो म्हणाला, "झोपलो तरी कुणी उभं राहून वाचून दाखवणार नाही."

"ब्रेनाला शिफारस लिही, टायरेल."

"त्याबद्दल बोलू नका."

"पोरीची नोकरी जाईल."

"माझी गेली की! बंद खोलीत तोंड उघडायच्या आधी तिनं विचार करायचा हुता." त्यानं फावडं खचकन वाळूत खुपसलं. "वाईट कशाचं वाटतं सांगू का? शिकवताना त्या पोरीवर मी सगळ्यांत जास्त—"

"ती नाही बोलली. मी बोलले."

फावडं वाळू भरून वर आलेलं, तिथंच थांबलं.

"काय?"

"लोमॅक्सला मी सांगितलं. गाडीत. तो हलकं लिहिणार होता, मीच म्हटलं जोरात लिहा. जागा मिळेल म्हणून. तुझ्यावरचं ओझं कमी होईल म्हणून."

"आणि तापाचं?"

"ते नाही सांगितलं."

वाळू फावड्यावरून घसरली आणि तिच्या बुटांवर पडली. तिनं पाय हलवला नाही. शेडमध्ये शंभर फावड्यांचा आवाज चालला होता, कुणाचं लक्ष नव्हतं.

"हिवाळाभर," टायरेल हळू म्हणाला. "हिवाळाभर तुमच्यासमोर बसून त्या पोरीला शिव्या घातल्या मी. तुम्ही मला कॉफी ओतून दिली."

"हो."

"माझ्या बायकोनं लोमॅक्सच्या नावानं बोटं मोडली, तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फावडं पुन्हा वाळूत घातलं.

"पोतं धर, मार्लिस," तो म्हणाला.

इतकी वर्षं तिनं त्याच्याकडून हेच मागितलं होतं. तिनं पोतं धरलं. त्यानं ते भरलं, काठोकाठ, एक खडा बाहेर न सांडता. मग फावडं ढिगात उभं रोवलं आणि ब्रेनाकडं गेला. दोघं काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. ब्रेना आधी मागं सरली, मग तिनं हातमोजा काढून नाक पुसलं, आणि हातातली दोरी त्याच्याकडं फेकली. टायरेल तिच्या शेजारी बसून पोत्यांची तोंडं बांधायला लागला. परत आला नाही.

मार्लिस रिकाम्या पोत्याचं तोंड धरून बसून राहिली. तेवढ्यात ऑर्व्ह आला, ट्रॅक्टर बाहेर चालू ठेवून, मिशांवर बर्फाचं पाणी.

"का गं, जोडीदार कुठं गेला?"

"तिकडं."

"मग नुसतं पोतं धरून वाट कुनाची बघतीस? सरक, मी टाकतो." त्यानं फावडं उपसलं, दोन फावडी टाकली आणि लागलाच सुरू झाला. "त्या लोमॅक्साला आनला पायजे हितं. फावडं देतो म्हनावं हातात, आनि मी हुभा ऱ्हाऊन वाचून दावतो, कुठं कमी पडतंय ते!"

शेजारचे दोघंतिघं खदखदून हसले.

"ऑर्व्ह," मार्लिस म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस."

"का? तुझा पाव्हना लागतो व्हय?"

ढीग अजून मोठा होता. शेजारचे कान देऊन ऐकत होते. मार्लिसनं पोत्याचं तोंड आणखी मोठं केलं.

"तू टाकत ऱ्हा," ती म्हणाली. "मी सांगते."